राखणदाराची खाच

तर काल आपण सुचिताला फ्रीजरच्या दारात उभी करून उठलो होतो. एका हातात बर्फाचा डबा, डब्यात करंगळीच्या पेराएवढ्या नळ्या, आणि चेहरा असा की काळूराम शिपायानं झाडू भिंतीला टेकवून विचारलं, "ताई, कोण गेलं काय?"

"माणूस न्हाय गेलं, काळूदादा. कडी गेली."

"परत?"

"परत. आज तिसऱ्यांदा."

काळूरामनं झाडू परत उचलला. मग म्हणाला, "मंग आता सरांना कोण सांगणार?"

इथं जेवणं थंड व्हायला लागली म्हणून आपण उठलो, नाहीतर गोष्ट काही थांबणारी नव्हती. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जाऊ. जे होते त्यांनी तोवर सुपारी कातरावी.

सुचिता म्हसळ्याच्या वरच्या अंगाच्या गावातली. भाताच्या खाचरांत वाढलेली पोर, पण खाचरात पाय टाकला की आधी पाण्यातले किडे मोजत बसायची. बाप म्हणायचा, ही आवणाला, भाताच्या लावणीला, कामाची न्हाय, हिला शाळेत धाडा. तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली, लग्न होऊन शेजारच्याच गावात गेली. नवरा रितेश रोह्याच्या कारखान्यात, आठवड्याला एक दिवस घरी. एक पोर, शाळेत जाणारं. सासू कृष्णाबाई, म्हणजे गावच्या निम्म्या बायकांची सुईण आणि उरलेल्या निम्म्यांची धास्ती.

त्या सुमाराला खाडीकाठी कोळंबीचे तलाव झाले. तलाव झाले तसे कोळंबीचे रोग आले, आणि रोगांच्या मागोमाग एका संस्थेनं खाडीजवळ लहानशी प्रयोगशाळा काढली. दोन खोल्या, एक जनरेटर, एक भला मोठा फ्रीजर. मोठं कार्यालय अलिबागला. सुचिता तिथं लागली ती अकरा महिन्यांच्या करारावर. अकरा महिने झाले की एक महिना घरी, मग नवा करार. अशी अकरा वर्षं. कायम करण्याची तिची फाईल अलिबागला गेलेली होती. तीन वर्षं ती फाईल एकाच टेबलावर आहे, असं काळूराम शपथेवर सांगायचा, कारण त्यानंच ती तिथं नेऊन ठेवली होती.

काम नाजूक. कोळंबीचे कल्ले कापायचे, वाटायचे, त्यातून आरएनए नावाचा पदार्थ काढायचा. आता हा आरएनए म्हणजे एवढा हळवा, की माणसाच्या हाताचा घाम लागला तरी विरून जातो. सुचिता प्रयोगशाळेत शिरताना बांगड्या काढून खुंटीला अडकवायची, टेबल तीनदा पुसायची, आणि काळूरामला टेबलावर वाकून बोलायची बंदी होती. अलिबागचे शिकलेसवरलेले लोक यायचे, त्यांचा आरएनए दुपारपर्यंत विरलेला असायचा. हिचा आठवड्यानं काढून बघा, जसाच्या तसा. आणि काही चुकलं तर त्याच दिवशी वहीत लिहायची, की आज अमुक नळी सांडली, आज घाई केली. साहेब लोक म्हणायचे, कशाला लिहितेस, कोणी विचारलंय? ती म्हणायची, उद्या मीच विचारीन.

आणखी एक सवय होती. तिच्या सासरी जेवण वाढलं की पहिला घास राखणदाराचा. राखणदार म्हणजे गावच्या शिवेवरचा देव, जागा सांभाळणारा. कृष्णाबाई भाताचं शीतभर का होईना, चुलीच्या कडेला काढून ठेवल्याशिवाय कोणाला ताटाला हात लावू द्यायची नाही. एकदा खुद्द तलाठ्याला थांबवलं होतं. सुचितानं हे प्रयोगशाळेत नेलं. तपासणीच्या शेवटी एक जेल ओततात, खरवसाच्या वडीसारखी थलथलीत, पण पारदर्शक पाटी. तिच्या एका कडेला ओळीनं खाचा असतात. खाचेत नमुना भरायचा, वीज सोडायची, म्हणजे नमुना पाटीतून खाली सरकतो आणि आत काही असेल तर उजेडात पट्टा चमकतो. सुचिता डावीकडची पहिली खाच रिकामी सोडायची. कधी, कोणासाठी भरली नाही. काळूरामनं कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "आपण त्याच्या हद्दीतली कोळंबी कापतो, त्याला काय नको?"

आता सुजित सरांकडे येऊ.

डॉक्टर सुजित पेणच्या बाजूचा. परदेशात तीन वर्षं काढून आलेला, वयानं सुचितापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. आला तेव्हा फ्रीजर कुठून उघडतो तेही त्याला माहीत नव्हतं. थिजलेला कल्ला वितळू न देता कसा कापायचा, जनरेटर कुरकुरायला लागला की कुठं थाप मारायची, कुठल्या तलावाचा मालक खरं बोलतो आणि कुठला नमुना म्हणून बाजारातली कोळंबी देतो, हे सगळं त्याला सुचितानं शिकवलं. तो तिला ताई म्हणायचा. गौरी-गणपतीत घरी आला, तेव्हा कृष्णाबाईनं त्याचे हात बघितले.

"काय रे सुजितभाऊ, हे हात का लोण्याचे गोळे? आमच्या सुनेचे बघ."

"आई, तिच्या हातांवरच आमची संस्था चाललीय."

"मंग संस्थेला सांग, हातांना कायम करा."

सगळे हसले. जेवायला बसले आणि सुजितनं घावण्याला हात घातला, तर कृष्णाबाईनं पळी आडवी धरली. "थांब. पहिला त्याचा." तेव्हा सुचितानं त्याला खाचेचंही सांगितलं, जरा लाजतच. सुजित हसला, ठसका लागेपर्यंत हसला. "ताई, देवाला जेलमध्ये जागा देणारी जगात तू एकटीच." मग म्हणाला, "बघ, हे कडीचं काम पुरं होऊ दे. पेपरात तुझं नाव येणार. माझ्या नावाच्या शेजारी." कृष्णाबाईला वाटलं वर्तमानपत्रात येणार. सुचितानं समजावून सांगितलं, तरी म्हातारीनं चार घरी वर्तमानपत्रच सांगितलं.

हे कडीचं काम काय, ते सुचितानं काळूरामला एका दुपारी डबा खाताना सांगितलं होतं. तिच्याइतकं सोपं आपल्यालाही सांगता यायचं नाही, तेव्हा तेच ऐका.

काळूरामनं विचारलं, "ताई, सर सारखे कडी कडी म्हणतात. ती दिसते कशातून?"

"दिसत न्हाय. ओळखायची. विषाणू कोळंबीत शिरला की आरएनएच्या तारा सोडतो. बहुतेक तारा सरळ, दोन टोकांच्या. एखाद्या तारेची टोकं एकमेकांना जुळली तर कडी. सरांचं म्हणणं, या विषाणूची कडी असते, आणि ती सापडली की कोळंबी मरायच्या आधी रोग कळेल."

"मंग ओळखायची कशी?"

"हरिहरेश्वरला गेलाय ना? काळभैरवापाशी दोघांना उभं करा, पाठीला पाठ लावून. सांगा, चालत सुटा. सरळ रस्ता असला तर?"

"एक जाईल श्रीवर्धनला, एक बागमांडल्याला."

"भेटतील?"

"ह्या जन्मात न्हाय."

"आणि प्रदक्षिणेच्या वाटेवर सोडलं तर?"

काळूरामनं हवेत बोटानं डोंगराला वळसा घातला. "समुद्राच्या अंगाला टकरतील."

"झालं. आमच्याकडे प्रायमर म्हणून असतात, ते असेच पाठीला पाठ लावून सोडायचे. तार सरळ असली तर ते लांब जात राहतात, हाती काय येत न्हाय. कडी असली तर फिरून भेटतात आणि पट्टा उठतो."

"येवढंच? मंग हे तर पोरासोरांचं काम."

"येवढंच न्हाय ना. मधी हिरामणमामा बसतात."

हिरामण हा सुचिताचा मामा. बायकोनं नवस बोललेला, प्रदक्षिणा यानं घालायची. हा दुपारी हरिहरेश्वरला गेला, पायऱ्या उतरून अर्ध्यावर पोचला, आणि बघतो तर भरती. खडकावरची वाट पाण्याखाली. तिथं बसून यानं दोन विड्या ओढल्या, आल्या वाटेनं परत वर चढला, देवळाच्या पाठीमागून काटेकुटे तुडवत दुसऱ्या बाजूला गेला आणि तिकडून हात जोडत जोडत आला. बायकोनं ओवाळलं. प्रसाद वाटून झाला. शेजारी उभ्या असलेल्या कोळणीनं तेवढ्यात सहज विचारलं, "मामा, पोहून आलास काय? वाट दहापासून पाण्यात हाय." त्या दिवसापासून आमच्याकडे अर्धवट काम करून पुरं म्हणून सांगणाऱ्याला हिरामण म्हणतात. मामा स्वतःही म्हणतो, त्याला त्याचं काही नाही.

"तर आरएनएची आधी नक्कल करून घ्यावी लागते," सुचिता काळूरामला म्हणाली. "नक्कल करणारा रस कधी कधी मधीच एका तारेवरून दुसरीवर उडी मारतो. खोटा सांधा बसतो. कडी नसताना पट्टा उठतो. हिरामणमामा दुसऱ्या बाजूनं हात जोडून आले, तसं."

"मंग कोळीण कुठची आणायची?"

"ती हाय. आरनेज आर म्हणून एन्झाइम हाय. ते तारेचं मोकळं टोक धरतं आणि खात सुटतं. गोधडीचा सुटा दोरा ओढला की उसवत जाते ना, तसं. कडीला टोकच न्हाय, तर खाणार कुठून? म्हणून नमुन्याचे दोन वाटे करायचे. एक कच्चा, एन्झाइम न घातलेला. एक पक्का, घातलेला. पट्टा पक्क्यात टिकला तर कडी खरी. कच्च्यात दिसला आणि पक्क्यात गेला, तर हिरामण."

एवढं समजलं की फ्रीजरच्या दारातलं काल अर्धं राहिलेलं पुढं सरकतं. तिसऱ्यांदा केलं, तिन्ही वेळा कच्च्यात पट्टा लखलखीत आणि पक्क्यात काळोख. सुजित सरांचं सगळं ज्या कडीवर उभं होतं, ती कडीच नव्हती.

सुचितानं सांगितलं. काळूराम दारात उभा होता. "सर, पक्क्यात येत न्हाय. तीनदा बघितलं. एन्झाइम नवीन आहे, बाकीच्या तारा बरोबर खाल्ल्यात."

सुजितनं जेलचा फोटो जवळ ओढून बघितला. मग एकदम मऊ आवाजात म्हणाला, "ठीक आहे ताई. तुझी वही दे, मी अलिबागला बसून बघतो. फोटो पण कॉम्प्युटरवरून घेतो. तू काळजी करू नको."

तिनं वही दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वही तिच्या टेबलावरून उठली. वही देताना तिला काही वाटलं नाही, उलट बरं वाटलं, की माणूस नाराज झाला नाही.

चार महिन्यांनी पेढे आले. सरांचा पेपर छापून आला होता, विषाणूची कडी सापडली म्हणून. सुचिता पेढा हातात घेऊन उभी राहिली.

"सर, पण कडी तर..."

"अगं, अलिबागला मी परत केलं. दुसरं एन्झाइम वापरून. आली."

तिला ते पटलं. इथं तुम्ही मान हलवाल, पण तिला पटलं. आपल्याच हाताची चूक असेल, असंच वाटलं. ज्याला आपण फ्रीजर उघडायला शिकवला तो आपल्यापेक्षा शिकलेला आहे, हे ती कधी विसरली नव्हती. रात्री मोबाईलवर तिनं पेपरातली नावं वाचली. सहा नावं होती. अलिबागच्या साहेबांचं होतं, परदेशातल्या कोणाचं होतं. सातवं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुजित स्वतःच म्हणाला, "ताई, नावांना जागा कमी पडली. पुढच्यात नक्की." ती म्हणाली, "असू दे सर." कृष्णाबाईला मात्र काय सांगायचं ते सुचेना. म्हातारी रोज विचारायची, वर्तमानपत्र आलं का गो? शेवटी एक दिवस विचारायची थांबली. ते जास्त लागलं.

पुढच्या गोष्टीला वर्ष गेलं. दक्षिणेकडच्या कुठल्याशा प्रयोगशाळेनं तीच तपासणी करून बघितली. त्यांना कडी मिळेना. त्यांनी सभ्य भाषेत पत्र लिहिलं, की आम्हाला पक्क्यात पट्टा येत नाही, तुमचा मूळ फोटो न कापता, पुरा पाठवा. फोटो गेला. त्यांनी आणखी एक पत्र लिहिलं, ते कमी सभ्य होतं. मग अलिबागला चौकशी बसली. चौकशीच्या बाईंनी सुजितला विचारलं, आणि सुजित म्हणाला, शक्यता आहे की आमच्या कंत्राटी तंत्रज्ञ बाईंनी नळ्यांची अदलाबदल केली, कच्च्याच्या जागी पक्का आणि पक्क्याच्या जागी कच्चा भरला. तिची वही गहाळ आहे.

नोटीस काळूरामनंच आणून दिली. त्याला लिफाफ्यात काय आहे ते माहीत होतं, कारण अलिबागच्या शिपायांना सगळं माहीत असतं. सुचितानं उभ्यानं वाचली. सौ. सुचिता, असं पूर्ण नाव, वडिलांच्या गावासकट. आपल्या हातून नमुन्यांची अदलाबदल झाल्याने संस्थेची बदनामी झाली आहे, सात दिवसांत खुलासा द्यावा, अन्यथा करार संपुष्टात येईल.

"आलं बघ नाव," ती म्हणाली.

काळूरामनं रिकामा लिफाफा तिच्या हातातून घेतला. तो म्हणाला, "चहा टाकू?"

घरी तिनं कोणाला सांगितलं नाही. चूल पेटवली, भात टाकला, कृष्णाबाईचे पाय चेपले. पण डोक्यात एकच चाललेलं: मी बदलल्या का नळ्या? तीनदा केलं, तीनदा बदलल्या? माणसाला स्वतःच्या हातांचा संशय यायला लागला की जगणं कठीण. ती भाताच्या मापातले दाणे मोजायला लागली, दूध उतू जाऊ दिलं, बांगड्या घातल्यात की काढल्यात हे चाचपून बघायला लागली. नोकरी गेली असती तर दुसरी कुठंतरी मिळाली असती. पण नळ्या बदलणारी बाई म्हणून एकदा नाव झालं की कोळंबीवाला सोडा, गावातला दूधवालासुद्धा तिच्या हातचं माप धरणार नाही. आणि तिच्याकडे मापाशिवाय दुसरं होतं काय?

पाचव्या दिवशी, रविवारी दुपारी, सुजित स्वतः घरी आला. संस्थेच्या जीपनं. कृष्णाबाईनं त्याला बघितलं आणि हरखली. "ये रे भाऊ. किती दिवसांनी. घावणे टाकते."

"नको आई, चहा पुरे. घाईत आहे."

"लोण्याच्या गोळ्यांना कसली घाई?"

तो हसला नाही. ओटीवर बसला आणि पिशवीतून कागद काढला. टाईप केलेला. खाली सुचिताचं नाव आणि सहीसाठी जागा.

"ताई, हे बघ. मी तुझ्यासाठीच आलोय. यात लिहिलंय की गर्दीच्या कामात तुझ्याकडून अनवधानानं नळ्या बदलल्या. अनवधानानं, हा शब्द मी मुद्दाम घातलाय. यावर कोणी काही करत नाही. फार तर समज देतात. मी आहे ना. पुढच्या महिन्यात तुझी कायमची फाईल मी स्वतः पुढं ढकलतो."

"आणि सही न्हाय केली तर?"

"तर मग माझ्या हातात काही राहणार नाही." चहाचा घोट घेऊन तो म्हणाला, "आपण इतकी वर्षं काम केलंय. तुझ्यावर मी कधी आवाज चढवलाय का?"

खरंच, चढवला नव्हता. सुचितानं कागद घेतला. पेन सुजितनंच पुढं केलं. तिच्या मनात आलं ते खरं सांगायचं तर सोपं होतं: करावी सही. पोराची शाळेत ने-आण, सासूचे पाय, रितेशची पाळी, आणि वर हे. समोरचा माणूस ताई म्हणतोय. झालीच असेल चूक आपली.

कागदाच्या मागं टाचणीनं पुरा फोटो जोडलेला होता, दक्षिणेकडच्यांनी मागितलेला, न कापलेला. हा तिनं अजून पाहिला नव्हता. छापलेल्या पेपरात नुसती दोन खाचांची चिंधी होती. सहीच्या आधी तिनं पान उलटलं, आणि डोळा सवयीनं डाव्या कडेला गेला. घरात शिरल्यावर देव्हाऱ्याकडे जातो तसा.

डावीकडे खाच भरलेली होती.

ती बघत राहिली. मग तिची नजर हळूच उजवीकडे सरकली. मोजमापाची शिडी, म्हणजे ठरलेल्या मापांच्या पट्ट्यांची खाच, मग पक्का म्हणून लिहिलेला, त्यात पट्टा. शेजारी कच्चा म्हणून लिहिलेला, त्यात काळोख. परत शिडी, कारण शिडी ती दोन्ही बाजूंना भरायची. आणि त्या पलीकडे, उजव्या टोकाला, एक रिकामी खाच.

सुजितनं फोटो आरशात दिसावा तसा उलटा केला होता आणि वरची नावं होती तिथंच ठेवली होती. शिड्या दोन्हीकडे असल्यानं कोणाला कळायचं कारण नव्हतं. रिकामी खाच म्हणजे उरलेली जागा, असं त्याला वाटलं असणार. याच ओटीवर त्याला त्या खाचेचं सांगितलं होतं. ठसका लागेपर्यंत हसला होता. लक्षात मात्र ठेवलं नव्हतं.

पाच दिवस ती स्वतःच्या हातांवर संशय घेत होती. आता संशय उतरला, पण त्याच्या जागी जे आलं ते जास्त जड होतं. नळ्या तिनं बदललेल्या नाहीत हे सुजितला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पेढा देताना माहीत होतं. आत्ता चहा पितानाही माहीत होतं.

"सर," तिनं विचारलं, "हा फोटो कोणी लावला?"

"मीच. का?"

"न्हाय, सहज."

तिनं पेन परत केलं, कागद ठेवून घेतला. "टाईप केलेलं नको. मी माझ्या हातानं लिहून देते. उद्या काळूदादा घेऊन येतील."

सुजितच्या खांद्यावरचं ओझं उतरल्याचं तिला दिसलं. तो उठला, कृष्णाबाईच्या पाया पडला. "ताई, मला माहीत होतं तू समजून घेशील." जीप वळणाआड गेली तेव्हा कृष्णाबाई म्हणाली, "पोरगा चांगला हाय गो. पण आज नजर खाली ठेवून बोलला." सुईणीच्या नजरेतून काही सुटत नाही.

सोमवारी सुचिता प्रयोगशाळेत लवकर गेली. भिंतीवर संस्थेच्या जुन्या अहवालातल्या फोटोची तसबीर होती, साहेबांनी एका वर्धापनदिनाला लावलेली. तिच्यात खाच डावीकडेच. कपाटातून गेल्या अकरा वर्षांचे छापील अहवाल काढले. प्रत्येकात डावीकडे. काळूरामला बोलावून एकेक दाखवला. त्यानं सगळे बघितले, शेवटी सरांच्या कागदामागचा फोटो बघितला, आणि फक्त एवढं विचारलं, "म्हणजे हिरामण कोण निघाला?"

मग तिनं बांगड्या खुंटीला अडकवल्या, हात पुसले, आणि चौकशीच्या बाईंना पत्र लिहिलं. ते काळूरामनं अलिबागला नेऊन दिलं, आणि वाटेत वाचून पाठ केलं, म्हणून आपल्याला मिळालं. शब्दाला शब्द असं होतं:

"महोदया, आपली नोटीस मिळाली. नळ्यांची अदलाबदल माझ्या हातून झाली का, असं आपण विचारलं आहे. माझ्या हातून चुका झाल्या आहेत. झाल्या त्या त्याच दिवशी मी वहीत लिहिल्या आहेत. ती वही गहाळ नाही, मी सुजित सरांच्या हातात दिली आहे. काळूराम समोर होते. सोबतचा फोटो बघावा. मी जेल भरताना डावीकडची पहिली खाच रिकामी ठेवते. आमच्याकडे पहिला घास राखणदाराचा असतो, म्हणून. हे शास्त्र नाही, सवय आहे. माझं नाव कुठल्याच पेपरात नाही, पण ती खाच संस्थेच्या अकरा वर्षांच्या सगळ्या अहवालांत आहे आणि सगळीकडे डावीकडे आहे. फक्त या फोटोत उजवीकडे आहे. मी नळ्या बदलल्या असत्या तर पट्टा इकडचा तिकडे गेला असता. रिकामी खाच उठून दुसऱ्या टोकाला गेली नसती. फोटो उलटा केलेला आहे. सुलटा करून बघितलात तर पट्टा एन्झाइम न घातलेल्या नमुन्यात आहे आणि घातलेल्यात नाही. म्हणजे कडी आम्हाला सापडलेली नाही. हे मी सरांना तेव्हाच सांगितलं होतं. फोटो कोणी लावला, हे मी काल त्यांना विचारलं. मीच, असं ते म्हणाले. बाकी त्यांना विचारावं. उरलेला नमुना फ्रीजरमध्ये वरून दुसऱ्या खणात आहे. कोणीही येऊन परत करून बघावं. मी हात लावणार नाही, बाजूला उभी राहीन. जेल भराल तेव्हा पहिली खाच तेवढी रिकामी ठेवावी."